न सांगण्याजोगा व्यायाम

पुण्यात व्यायामाचे दोन भाग असतात. पहिला करायचा आणि दुसरा सांगायचा. पहिल्याला तास-दीड तास पुरतो, दुसरा रात्रीपर्यंत चालतो. सिंहगड चढून आलेला माणूस रविवारी दुपारी कुणाकडे गेला, तर चपला काढता काढताच "सकाळी गडावर होतो" एवढं सांगून मोकळा होतो. ऐकणाराही "बरं" म्हणून गप्प बसत नाही. "आतकरवाडीतून की गाडीने?" असं विचारतो, आणि त्यातला 'गाडीने' हा शब्द तो ज्या स्वरात उच्चारतो तो स्वर लिहून दाखवता येत नाही. मग मिनिटांचा विषय निघतो. आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंत किती मिनिटांत, हे इथल्या कर्तबगारीचं जुनं माप आहे. वर गेल्यावर दही आणि पिठलं-भाकरीत सगळ्या कष्टांची सव्याज परतफेड होते, पण तो भाग सांगायचा नसतो.

गड झेपत नाही त्यांच्यासाठी टेकड्या आहेत. त्यांच्यातही उच्चनीच आहेच. वेताळ टेकडीवाला हनुमान टेकडीवाल्याला मनातल्या मनात धाकटा समजतो, आणि पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या लागोपाठ दोनदा चढणारा त्या दोघांनाही मोजत नाही. घराबाहेर न पडणाऱ्यांची सोय औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रचार करून आधीच करून ठेवली आहे. नमस्कार 'कसे' घालता असं आजवर कुणी कुणाला विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. 'किती' घालता, एवढंच.

ही सगळी उतरंड एका सांध्यावर उभी आहे, आणि पन्नाशीपर्यंत त्याची कुणाला आठवणही नसते. पुढे तो स्वतःच आठवण करून देतो, बहुधा उतरताना. चढताना गुडघा नुसता कुरकुरतो. उतरताना तो तोंड उघडून बोलतो. याला कारण आहे. उतरताना दर पावलाला सबंध अंगाचं वजन अडवून धरायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंकडे येतं. ते ताणले गेले की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. सपाट रस्त्यावर साधं चालतानासुद्धा गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. जिना किंवा डोंगर उतरताना त्याहून जास्त. तेव्हा दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला गडाची हौस आवरतच नसेल तर त्याने निदान उतरताना तरी जीप पकडावी. हा विचार मी टेकडीवरच्या मंडळींपुढे मांडला. "मग वरच राहायला जा ना," असा अभिप्राय मिळाला.

शेवटी माझा गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी एक्स-रे उभं राहून काढायला लावला. आडवं होऊन काढला तर दोन हाडांमधली फट आहे त्यापेक्षा बरी दिसते. अंगाचा भार पडला की खरं काय ते कळतं. "गॅप कमी झालीय," ते म्हणाले. या गॅपचीही इयत्ता ठरलेली असते. केलग्रेन आणि लॉरेन्स नावाच्या ब्रिटनमधल्या दोघा डॉक्टरांनी १९५७ साली शून्यापासून चारपर्यंत ग्रेड ठरवून दिल्या, त्या आजही चालतात. बाहेरच्या बाकावर दोन अनोळखी माणसं एवढ्यावर ओळख करून घेतात.

"तुमची कितवी?"

"दुसरी."

"माझी तिसरी," असं म्हणताना समोरच्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी मुलाच्या दहावीच्या निकालाला पाहिलं होतं. गंमत म्हणजे एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. फिल्म पाहून डॉक्टरांनी सुस्कारा सोडावा तो माणूस लग्नात पंगत वाढत फिरत असतो, आणि जवळजवळ निर्मळ गुडघ्याचा धनी रिक्षातून उतरताना पांडुरंगाला हाक मारतो.

शस्त्रक्रियेचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "छे, तुमचं वय अजून लहान आहे." बसवलेला गुडघा साधारण पंधरा-वीस वर्षं साथ देतो, म्हणून शक्य तितकं लांबवायचं, असा त्यांचा हिशोब. साठीच्या उंबऱ्यावरच्या माणसाला वय लहान आहे असं म्हणणारी दुसरी जागा महाराष्ट्रात उरलेली नाही. मी ते वाक्य घरी दोनदा सांगितलं. "गुडघ्यापुरतं म्हणाले असतील," बायको म्हणाली.

गुडघा बदललेल्यांचा समाजात वेगळाच मान असतो. २००० सालच्या ऑक्टोबरात पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, पुढच्या वर्षी उजवा. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी आले होते. तोवर आजीच्या एरंडाच्या पानांत गुंडाळलेला गुडघा त्या दिवसांत पहिल्या पानावर आला. मग २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला, आणि रिप्लेसमेंटवाले आमच्या सोसायटीतही दिसू लागले. ते ऑपरेशन सविस्तर सांगतात. व्रण दाखवतात. त्यांच्या आणि गडवाल्यांच्या मधल्या पट्टीत आम्ही. ना चढण्याचं कौतुक, ना कापण्याचं.

मधल्या पट्टीतल्या माणसाला सल्ले मात्र भरपूर मिळतात. 'वंगण कमी झालंय' यावर सगळ्यांचं एकमत. ते कशाने वाढतं यावर नाही. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, तुपातले लाडू, लाडू बंद. निर्गुंडीचा शेक, महानारायण तेल, आणि कुणाच्या तरी मेहुण्याला कुठल्याशा गावी मिळालेलं एक औषध, ज्याचं गाव आठवत नाही पण गुण आला हे पक्कं आठवतं. माझ्या चिरंजिवांनी परदेशातून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. रोज दहा हजार. हा दहा हजाराचा आकडा कुठल्या धन्वंतरीने दिला म्हणून पाहिलं, तर तो १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र खपवताना काढलेला निघाला. आमच्या टेकडीवर मात्र तो वेदवाक्य आहे, आणि नऊ हजार आठशेवर घरी पोचलेली माणसं सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरताना मी पाहिली आहेत.

डॉक्टरांनी शेवटी चिठ्ठीवर एका फिजिओथेरपिस्टचं नाव लिहिलं. ही मुलगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. ती मला काका म्हणते. मी तिला मॅडम म्हणावं की 'अगं' म्हणावं हे न ठरल्यामुळे मी तिच्याशी कर्त्यावाचून बोलतो. "आज करंट द्यायचा का?" अशी वाक्यं. करंट म्हणजे गुडघ्याला चार गाद्या चिकटवून मुंग्या आणणारं यंत्र. त्यावर पडून राहायला सगळ्यांना आवडतं, कारण त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. आमच्या पिढीची फिजिओथेरपीची व्याख्या तेवढीच आहे. भेटल्यावर "व्यायाम केलात का?" असं कुणी विचारत नाही, "करंट घेतलात का?" असं विचारतात. ही मुलगी मात्र करंटच्या बाबतीत कंजूष निघाली. तिने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली.

"काका, टॉवेल दाबा."

"दाबला."

"नाही दाबला. मांडीवर हात ठेवा. काही घट्ट झालं?"

हात ठेवला. मांडी नुकत्याच मळलेल्या कणकेसारखी निवांत होती.

"पाऊल आपल्याकडे ओढा. गुडघ्याच्या मागच्या बाजूने टॉवेल खाली दाबा. टाच जराशी उचलेल. हां! आता दहा मोजा. मोठ्याने मोजा, नाहीतर श्वास धरून ठेवाल."

मी मोठ्याने मोजायला लागलो. सातपर्यंत आवाज खणखणीत होता, आठला कापरा झाला, आणि मांडी स्वतःच्या मनाने थरथरू लागली. पलीकडच्या पलंगावर सत्तरीच्या एक आजी पायाला वाळूची पिशवी बांधून, पाय सरळ उचलून हवेत धरून, शेजारच्या बाईंशी कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलत होत्या. त्या मोजतही नव्हत्या. एका टॉवेलने माणसाचा एवढा पाणउतारा झालेला मी पाहिला नव्हता.

"दुखतंय का?"

"तसं विशेष नाही. पण आहे."

"दहापैकी किती?"

हा प्रश्न मराठी माणसाला कुणी विचारू नये. दुखणं सांगायची आपली रीत वेगळी आहे. ते कधी सुरू झालं, त्या दिवशी काय खाल्लं होतं, आईलाही कसं होतं, इथून सुरुवात करून आपण दुखण्यापाशी येतो.

"तीन म्हणू?" ती म्हणाली.

"तीन म्हणजे अगदीच कमी होतंय."

"मग पाच?"

"पाच म्हटलं तर आजचा व्यायाम बंद होईल का?"

"नाही."

"मग तीन."

यामागे शास्त्र आहे, असं तिने समजावलं. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुडघा मूळपदावर यायला हवा. नाही आला, तर मात्रा कमी करायची, व्यायाम सोडायचा नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की तिच्यातलं पाणी पिळून निघतं, भार उतरला की सांध्यातला द्रव आत शिरतो. तिचं जेवणखाण ते एवढंच. गुडघा दुखतो म्हणून हलवायचा नाही, तर कूर्चा उपाशी. हलवायचा नाही म्हणून मांडीचा स्नायू वाळतो. तो वाळला की धक्का अडवायला कुणी उरत नाही आणि सगळा भार पुन्हा सांध्यावर. म्हणून 'जरा आराम करा' हा सल्ला, जो आपण घरादाराला उदारपणे वाटतो, तो चार दिवसांपलीकडे पाळला की गुडघा आणखी रुसतो. आणि वजन? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. हे गणित उलट्या बाजूनेही चालतं, हे दिवाळीच्या फराळाच्या ताटापुढे आठवू नये.

आवाजाचंही विचारून घेतलं. माझा गुडघा जिन्यावर असा वाजतो, की मी कुठल्या मजल्यावर आलो ते बायकोला घरात बसून कळतं. दुखत नसेल आणि सूज नसेल तर नुसत्या आवाजाने सहसा काही बिघडत नाही, असं उत्तर मिळालं. बायकोचं म्हणणं, बिघडत नाही कसं, चहा टाकायला वेळ मिळतो.

हे सगळं ठीक होतं. अडचण संध्याकाळी कट्ट्यावर आली.

"काय, सध्या टेकडीवर दिसत नाही. व्यायाम बंद?"

"छे, चालू आहे की. जोरात."

"काय करता?"

"टॉवेल दाबतो."

कट्ट्यावर शांतता पसरली. आमच्यातले एक निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांनी साक्षीदाराला बोलतं करावं तसं विचारलं, "आणखी?"

"पाय उचलतो."

"कुठे?"

"गादीवर."

विषय महापालिकेकडे वळवण्यात आला.

कमी धक्क्याच्या व्यायामाचं खरं दुखणं हे आहे. गुडघ्याचं दुखणं सोसता येतं, त्याला मलम आहे. पण ज्यात दम लागत नाही, घाम दिसत नाही, उंची नाही, मिनिटं नाहीत, असा व्यायाम चारचौघांत सांगायचा कसा? आपल्याकडे कुस्ती आहे, मल्लखांब आहे, जोर-बैठका आहेत. त्यांचे आखाडे आहेत, तालमी आहेत, वस्ताद आहेत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणाऱ्याला आजवर कुणी नारळ आणि फेटा दिलेला नाही. वास्तविक गुडघा गेलेल्या माणसाला यापेक्षा मोठी बैठक नाही. करून पाहा.

त्यातल्या त्यात पोहणं हा शब्द भारदस्त वाटला. गावाकडच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलेला मी माणूस. मुटका मारण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पण फिजिओबाईंनी तेही भारदस्त राहू दिलं नाही. बेडकाचे पाय मारायचे नाहीत, त्या झटक्याने गुडघ्याची आतली बाजू दुखावते. सध्या पोहायचंही नाही. पाण्यात चालायचं.

पाण्यात चालायला तलावाची उथळ बाजू लागते. उथळ बाजूला कुणाचं राज्य असतं हे ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. पाण्याचा हिशोब मात्र थक्क करणारा आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर अंगाचं निम्मंच वजन उरतं, छातीपर्यंत गेलं की तिसऱ्या हिश्शाच्याही आत, आणि गळ्यापर्यंत पाण्यात साधारण दहावा हिस्सा. ऐंशी किलोचा माणूस गळाभर पाण्यात आठ किलोचा. शरीर हलकं आणि पाणी मात्र जाड, म्हणून दर पावलाला पाणी ढकलावं लागतं आणि मांडीला काम मिळतं. पुढे चालायचं, उलटं चालायचं, आडवं चालायचं. दिसायला हे असं दिसतं की एका टोपीवाल्या गृहस्थाची किल्ली पाण्यात पडली आहे आणि ती शोधताना आपण शोधतोय हे त्याला कुणाला कळू द्यायचं नाही.

पाठीला फ्लोट बांधलेला सातेक वर्षांचा एक मुलगा माझ्याबरोबर थोडं अंतर चालला.

"आजोबा, तुम्हाला पोहता येत नाही?"

"येतं."

"मग चालताय का?"

"गुडघा दुखतो."

"मग घरी चाला ना."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण आर्किमिडीजपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढ्यात त्याच्या सरांनी शिट्टी मारली. जाता जाता त्याने खोल बाजूच्या मित्राला ओरडून माहिती दिली, "हे आजोबा पण बिगिनर आहेत!"

जिममधली सायकल त्या मानाने प्रतिष्ठेची. एका जागी राहून घाम येतो आणि समोर आकडे दिसतात. तिची एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे सीटची उंची. पायडल सगळ्यांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहिला पाहिजे. सीट बुटकी ठेवली की गुडघा फार दुमडतो आणि वाटी तक्रार करते. पुण्यात ज्यांनी तरुणपणी वडिलांची सायकल नळीखालून पाय घालून चालवली त्यांना हे सांगणं म्हणजे धाडसच. तिथला ट्रेनर पोरगा उमदा आहे, फक्त त्याच्या बनियनवर 'नो पेन नो गेन' लिहिलेलं आहे. मी त्याच्याकडे पाठ करून सायकल मारतो.

आणि योगासनं. या शहरात १९३७ साली आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी आसनांसाठी पट्टे, लोड, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या हाताशी घेतल्या. खुर्ची घेऊन योग करता येतो हे जगाला पटवणारा माणूस पुण्यात स्थायिक झाला, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. खुर्ची सोडवत नाही आणि आरोग्यही हवं, ही इथली जुनीच गरज आहे.

खुर्चीवरून आठवलं. गुडघा बिघडल्यावर मराठी घरात माणसाचा हुद्दा बदलतो, तो व्यायामाने नव्हे, बसण्याने. सत्यनारायणाला सगळे सतरंजीवर आणि आपण मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, कथेवर देखरेख ठेवायला बसवल्यासारखे. आरतीला सगळे उठतात तेव्हा आपण आधीच अर्धे उठलेले असतो. पंगतीची जागा टेबलांनी घेतली म्हणून हळहळणारे लेख मी पूर्वी आवडीने वाचत असे. आता टेबल दिसलं की यजमानांबद्दल आदर वाटतो. फिजिओबाईंना विचारलं, मांडी घालून बसता येईल का परत? "येईल, पण घाई नको. आधी पाटावर उशी घेऊन बसा," त्या म्हणाल्या. लक्षात घ्या, मी त्यांना 'त्या' म्हणायला लागलो होतो. हाही व्यायामाचाच परिणाम.

बाईंकडे पुढची पायरी म्हणून रबरी पट्ट्या असतात. पायाला अडकवून ताणायच्या. पिवळी सगळ्यांत सैल, मग लाल, हिरवी, निळी आणि काळी. हा रंगक्रम ज्याने कुणी शोधला त्याला माणसाचा स्वभाव पुरता कळलेला होता. पट्ट्या हातात आल्यापासून आमच्या खोलीची हवाच पालटली. जो तो दुसऱ्याच्या घोट्याकडे बघतो. "अरे वा, लाल?" असं कुणी म्हटलं की लालवाला "हो, आता हिरवी देणारेत," असं सहज, अगदी सहज सांगतो. कोथिंबिरीवाल्या आजी निळीवर आहेत आणि त्या आल्या की आम्ही हिरवीवाले पाय सावरून बसतो. काळ्या पट्टीवर कुणी गृहस्थ आहेत म्हणतात, ते सकाळच्या वेळेला येतात. आम्ही त्यांना पाहिलेलं नाही.

परवा कट्ट्यावर न्यायाधीशांनी मला बाजूला घेतलं. ते टेकडीवर जाताना अलीकडे वळणावर थांबून निसर्ग बघतात, हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं होतं.

"ते तुमचं, टॉवेलचं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कुठला टॉवेल लागतो?"

"सोलापुरी," मी म्हणालो. "पण नवा घेऊ नका, चार धुण्यांतून निघालेला हवा. नवा फार फुगतो, दाबल्यासारखं वाटतं आणि मांडीला काहीच पोचत नाही. गुंडाळी मुठीएवढी जाड करायची, त्याहून जास्त नाही."

"किती वेळ धरायचं?"

"सुरुवातीला पाच सेकंद. सगळ्यांना दहा जमत नाही."

"तुम्ही किती धरता?"

एव्हाना कट्ट्यावरचे बाकीचे बोलायचे थांबले होते. मी जरा आवाज चढवूनच सांगितलं.